संगमरवराच्या पलीकडचे भेडाघाट

जबलपूरजवळच्या भेडाघाटला जाणारे बहुतेक लोक दोन गोष्टी पाहून परततात: धुआँधार धबधबा आणि त्याखालच्या घळीतून होणारी नौकेची फेरी. या दोन्ही गोष्टी पाहण्यासारख्या आहेत, याविषयी दुमत नाही. पण नर्मदेच्या उत्तर काठावरील या पांढऱ्या कातळाच्या रांगेपासून लमेटा घाटापर्यंतचा पट्टा सलग पाहिला, तर भारतीय द्वीपकल्पाच्या घडणीतील फार मोठा कालखंड एका लहानशा परिसरात उघडा पडलेला दिसतो, असे आमचे शेजारी अनेक वर्षे सांगत आले होते. ते नागपूरच्या एका महाविद्यालयात भूशास्त्र शिकवून निवृत्त झाले असून आमच्या गल्लीत सगळेच त्यांना ‘सर’ म्हणतात. अखेर पौष पौर्णिमा साधून सर, माझी पत्नी आणि मी असे तिघे निघालो.

पहिला दिवस : नागपूर ते तेवर

नागपूर ते जबलपूर हे अंतर साधारण पावणेतीनशे किलोमीटर आहे आणि रस्ता उत्तम आहे. पेंचच्या जंगलातून जाताना महामार्ग उंच खांबांवरून जातो आणि वन्य प्राणी त्याखालून ये-जा करतात, एवढे सांगून या प्रवासाचे वर्णन आटोपते घेतो. सिवनी, लखनादौन, धूमा ही गावे मागे टाकून दुपारी जबलपूरला पोहोचलो. शहरात सामान ठेवून लगेच भेडाघाटच्या रस्त्याला लागलो, कारण वाटेत तेवर होते.

तेवर म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. गावात शिरल्यावर राजधानीचा भव्यपणा सांगणारे काहीही समोर येत नाही. तलावाकाठी, पाराजवळ, घरांच्या ओट्यांशी टेकवून ठेवलेल्या भग्न मूर्ती आणि कोरीव शिळा दिसतात. त्यांपैकी काहींना शेंदूर लागला आहे, काहींवर कपडे वाळत घातलेले आहेत. अकराव्या शतकातील लक्ष्मीकर्ण हा राजा उत्तरेत काशीपर्यंत आपला दबदबा निर्माण करून होता, आणि त्याचा कारभार या गावातून चालत असे, हे येथे उभे राहून पटायला वेळ लागतो. जवळच त्रिपुरसुंदरीचे मंदिर आहे. नवरात्रात तेथे मोठी गर्दी होते, आम्ही गेलो तेव्हा मात्र निवांत दर्शन झाले.

मराठी वाचकाला या राजघराण्याची ओळख करून घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कलचुरींचा जो संवत, त्याचा आरंभ इ.स. २४८–४९ मध्ये धरला जातो आणि त्रिपुरीच्या उदयापूर्वी कित्येक शतके तो आपल्याकडे रूढ होता. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या ताम्रपटात याच संवताचे वर्ष आहे. माहिष्मतीचा आरंभीचा कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी साष्टी आणि घारापुरीला सापडली आहेत. या संवतातील शिलालेख आणि ताम्रपट एकत्र संपादित करण्याचे प्रचंड काम नागपूरच्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी केले आणि ते १९५५ मध्ये प्रकाशित झाले. १९५२ मध्ये येथे सागर विद्यापीठातर्फे जे उत्खनन झाले, त्याचे प्रमुखही मोरेश्वर गंगाधर दीक्षित हे मराठी पुरातत्त्वज्ञच होते. तेवरच्या पारावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “और सुभाषबाबू? वो भी तो यहीं आए थे.” त्यांचे म्हणणे खरे होते. १९३९ च्या मार्च महिन्यातील काँग्रेसचे त्रिपुरी अधिवेशन याच परिसरात भरले. पट्टाभी सीतारामय्यांना १५८० विरुद्ध १३७७ मतांनी हरवून अध्यक्ष झालेले सुभाषचंद्र बोस त्या वेळी तापाने इतके फणफणले होते की त्यांना स्ट्रेचरवरून आणावे लागले. जबलपूर शहरातील कमानिया गेट हे त्या अधिवेशनाचेच स्मारक आहे.

संध्याकाळी त्याच कमानीजवळ खव्याची जिलेबी खाल्ली. ही जिलेबी आपल्या जिलेबीपेक्षा जाड, गडद तपकिरी आणि मऊ असते. एक खाल्ली तर जेवण हलके करावे लागते आणि दोन खाल्ल्यास जेवणच रद्द करावे लागते. जानेवारी हा जबलपूरच्या मटारचा हंगाम असतो. बाजारात हिरव्या शेंगांचे ढीग लागलेले होते आणि रात्रीच्या जेवणात भाजी, भात व पराठा या तिन्ही पदार्थांत मटार होता.

राहण्याविषयी : भेडाघाटातही मुक्कामाची सोय आहे आणि पहाट पाहायची असेल तर तेथेच राहणे चांगले. आम्ही पहिली रात्र शहरात आणि पुढची भेडाघाटात काढली. जानेवारीत नदीकाठी पहाटे थंडी कडक असते. स्वेटर पुरत नाही, कानटोपीही लागते.

दुसरा दिवस : धुआँधार, चौसष्ट योगिनी आणि घळ

धुआँधारला सकाळी लवकर जावे. नऊनंतर सहली येऊ लागतात आणि कठड्याजवळ उभे राहायला जागा मिळत नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा धुके आणि तुषार एकमेकांत मिसळले होते आणि पाणी दिसण्याआधी त्याचा आवाज ऐकू येत होता. रुंद पात्रातून संथपणे येणारी नर्मदा येथे अचानक एका चिंचोळ्या फटीत शिरते आणि खाली कोसळते. पाण्याचा प्रवाह वरच्या बर्गी धरणातून किती पाणी सोडले आहे त्यावरही अवलंबून असतो. गंमत अशी की भर पावसाळ्यात, महापुराच्या वेळी, हा धबधबा नाहीसाच होतो, कारण खालची अरुंद घळ तुडुंब भरते आणि वरची व खालची पातळी एक होते. त्यामुळे ‘पावसाळ्यात धबधबे पाहावेत’ हा सह्याद्रीचा नियम येथे लागू पडत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला.

सर धबधब्याकडे पाठ करून कातळ पाहत बसले होते. आपण ज्याला संगमरवर म्हणतो, तो येथे मॅग्नेशियमयुक्त, म्हणजे डोलोमाइटी जातीचा आहे. त्याचा समावेश महाकोशल नावाच्या खडकसमूहात होतो आणि त्याचे वय १८० कोटी वर्षांहून अधिक आहे. ज्या काळी पृथ्वीवर झाडे, मासे, किडे यांपैकी काहीही नव्हते, त्या काळच्या समुद्रतळावर कार्बोनेटचे गाळ थरावर थर साचले. पुढे भूकवचाच्या हालचालींत ते दाबले गेले, तापले, त्यांचे स्फटिक नव्याने घडले आणि मूळचे आडवे थर वाकून जवळजवळ उभे झाले. काठावरच्या कातळात हे उभे थर शेजारी शेजारी लावलेल्या पाट्यांसारखे दिसतात, आणि नदीने आपली वाट काढताना याच थरांच्या व भेगांच्या कमकुवतपणाचा फायदा घेतला आहे. धबधब्याचा काठ झिजत झिजत वरच्या दिशेला सरकत जातो आणि त्याच्या मागे घळ लांबत जाते, असे सरांनी सांगितले. धबधबा मागे सरकणे म्हणजे काय, हे मला नकाशावर कधीच कळले नव्हते. येथे दोन्ही बाजूंचा ताजा, गुळगुळीत कातळ पाहिल्यावर ते पुस्तकाशिवाय कळले.

सरांनी खिशातून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची लहान बाटली काढली. वाटेवर पडलेल्या एका सुट्या चिपेवर एक थेंब टाकला, तर काही विशेष घडले नाही. नंतर त्यांनी ती चिप दुसऱ्या दगडावर घासली आणि पडलेल्या भुकटीवर थेंब टाकला. त्यावर मंदपणे बुडबुडे आले. साधा चुनखडक असता तर पहिल्याच थेंबाला फसफसला असता, डोलोमाइट मात्र भुकटी केल्याशिवाय दाद देत नाही. “ही बाटली उद्या पुन्हा लागेल,” असे म्हणून त्यांनी ती जपून ठेवली. उभ्या कातळावर हातोडी किंवा आम्ल वापरू नये, हे त्यांनी आम्हाला बजावले आणि मीही येथे बजावतो.

धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेच्या दुतर्फा मूर्तिकारांची दुकाने आहेत. त्यांपैकी एका दुकानात पती-पत्नी दोघेही कानस आणि पटाशी घेऊन शिवलिंगे घडवत बसले होते. बाईंनी आम्हाला न विचारताच एक ओबडधोबड तुकडा पुढे केला आणि नखाने त्यावर रेघ ओढून दाखवली. हा गोरा पत्थर, म्हणजे आपला शंखजिरा. डोलोमाइटमधील मॅग्नेशियम आणि बाहेरून आलेले सिलिकायुक्त उष्ण द्राव यांच्या संयोगातून हे मऊ खनिज तयार होते. पत्नीने त्या बाईंकडून एक छोटा दिवा घेतला, भाव करताना त्या हसून म्हणाल्या, “दीदी, पत्थर नरम है, दाम नहीं.”

रोपवेने पलीकडच्या काठावर जाता येते आणि तेथून धबधबा समोरून दिसतो. रांग लहान असेल तर जरूर जावे. मोठी असेल तर तो वेळ चौसष्ट योगिनींसाठी राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

धबधबा आणि नौकांचा पंचवटी घाट यांच्या मधल्या टेकडीवर हे मंदिर आहे. शंभराहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर एका उघड्या वर्तुळाकार प्रांगणात आपण येतो. भोवती ओवऱ्यांचे कडे आहे आणि त्यात ८१ मूर्तींसाठी कोनाडे आहेत, म्हणजे नाव चौसष्टचे असले तरी गणित ८१ चे आहे. मंदिर दहाव्या शतकाच्या अखेरीचे किंवा अकराव्याच्या आरंभीचे मानतात. मूर्तींच्या बैठकीवर योगिनींची नावे कोरलेली आहेत, आणि ती वाचत वाचत फिरण्यात आमचा दीड तास गेला. गजमुखी ऐंगिनीसमोर पत्नी बराच वेळ थांबली. स्त्रीरूपातील गणपती तिने प्रथमच पाहिला होता. बहुतेक मूर्तींचे हात आणि चेहरे फोडलेले आहेत. स्थानिक लोक त्याचा दोष औरंगजेबाच्या सैन्याला देतात. तरीही वस्त्रांच्या चुण्या, दागिन्यांची गुंफण आणि पायाशी बसलेली वाहने यांतील कौशल्य लपत नाही.

सरांनी येथे एक साधी गोष्ट दाखवली, जी माझ्या लक्षात आली नसती. संपूर्ण टेकडीच्या पायथ्याशी संगमरवर पसरलेला असताना योगिनींच्या मूर्ती मात्र हिरवट-पिवळसर वालुकाश्मात घडवल्या आहेत, आणि काही जुन्या मूर्ती तांबूस वालुकाश्मात आहेत. माझा तर्क असा की इतक्या भेगाळलेल्या, उभ्या थरांच्या खडकातून मोठी, एकसंध शिळा काढणे शिल्पकाराला परवडले नसावे. सरांनी हा तर्क नाकारला नाही, पण मान्यही केला नाही.

प्रांगणाच्या मध्यापासून थोडे बाजूला गौरीशंकराचे मंदिर आहे. आत नंदीवर बसलेले शिवपार्वती आहेत. भेडाघाटला सापडलेला राणी अल्हणदेवीचा शिलालेख कलचुरी संवत ९०७ चा, म्हणजे इ.स. ११५५ चा आहे. राजा गयाकर्णाची ही विधवा राणी मेवाडच्या गुहिल घराण्यातील होती आणि माळव्याच्या परमार उदयादित्याची ती नात लागत होती. मुलगा नरसिंह गादीवर असताना तिने वैद्यनाथ नावाने शिवाचे मंदिर बांधले आणि त्याला जोडून मठ, अध्ययनशाळा आणि बागा करवल्या, असे त्यात म्हटले आहे. देवळाबरोबर अध्ययनशाळेचा उल्लेख वाचून मला विशेष बरे वाटले. ती शिळा मात्र येथे पाहायला मिळत नाही. एकोणिसाव्या शतकात ती अमेरिकेत न्यू हेवन येथील अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या संग्रहात गेली.

दुपारी पायथ्याशी गक्कड-भरता खाल्ला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवून काढलेले, आणि त्यासोबत निखाऱ्यातच भाजलेल्या वांग्या-टोमॅटोचे लसूण घातलेले भरीत. आमच्या विदर्भातल्या पानगे आणि भरीत यांच्याशी त्याचे जवळचे नाते आहे. पत्नीच्या मते भरीत आमचे सरस आणि गक्कड त्यांचे.

चार वाजता पंचवटी घाटावरून नौका घेतली. पावसाळ्यात नौका बंद असतात, हे लक्षात ठेवून बेत आखावा. स्वतंत्र नौका महाग पडते, पण इतरांबरोबर बसल्यास खर्च फारसा येत नाही. आमच्याबरोबर इटारसीचे एक मोठे कुटुंब होते. भेडाघाटच्या नाविकांचे निवेदन प्रसिद्ध आहे. आमचा वीस-बाविशीतला नाविक वल्ही मारता मारता यमक जुळवत कातळांतून गाय, मोटार, साधू आणि पुढाऱ्याची खुर्ची असे काय काय दाखवत होता. पाण्याच्या खोलीचे त्याचे आकडे प्रत्येक वळणावर वाढत गेले, तेव्हा त्यांवर मी भिस्त ठेवली नाही.

दोन्ही बाजूंना सुमारे ३० मीटर उंचीचे कडे आणि मधून सुमारे तीन किलोमीटरची घळ अशी ही रचना आहे. कडे सर्वत्र पांढरे नसतात. कोठे गुलाबी, कोठे राखाडी, कोठे निळसर झाक असते, आणि मधूनच हिरवट-काळ्या रंगाचे पट्टे पांढऱ्या खडकाला आडवे-तिरपे छेदून जातात. संगमरवर तयार झाल्यावर त्याच्या भेगांत खालून तप्त शिलारस घुसला आणि तेथेच थिजला, त्याचे हे पट्टे आहेत. एका जागी कडे इतके जवळ येतात की पूर्वी माकडे या काठावरून त्या काठावर उडी मारत असत, असे सांगतात. त्या जागेला बंदरकूदनी म्हणतात. कड्यांच्या छताखाली आग्या मोहोळांचे काळे झुंबर लटकलेले असतात. नाविकाने त्या ठिकाणी आपले निवेदन थांबवले आणि धूम्रपान करू नका, आवाज करू नका, एवढेच सांगितले. एकोणिसाव्या शतकात रेल्वेमार्गाच्या आखणीसाठी आलेल्या एका इंग्रजाने या माश्यांपासून वाचण्यासाठी पाण्यात उडी घेतली आणि तो बुडून मेला, तेव्हा ही सूचना गंभीरपणे घ्यावी.

रात्री पौर्णिमेच्या चांदण्यात घाटावरून घळीचे तोंड पाहिले. कातळ दिवसापेक्षा अधिक पांढरे दिसतात हे खरे आहे, पण थंडीमुळे पाऊण तासाच्या वर आम्हाला थांबवले नाही.

तिसरा दिवस : लमेटा घाट

भेडाघाटहून जबलपूरच्या बाजूला वर यावे, मुख्य रस्ता सोडून नदीकडे वळावे, की लमेटा घाट लागतो. येथे कडे नाहीत, धबधबा नाही, दुकाने नाहीत. काही देवळे, कपडे धुणाऱ्या बायका, पाण्यात उभी असलेली गुरे आणि काठावर बसक्या, मळकट, हिरवट-करड्या रंगाचे खडक; एवढेच. सर गाडीतून उतरले आणि पहिल्यांदाच त्यांचा चालण्याचा वेग आमच्यापेक्षा जास्त झाला.

या मळकट खडकांचे नाव जगभरच्या जीवाश्मशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मेडलिकॉट यांनी १८६० मध्ये या घाटावरून ‘लमेटा’ हे नाव दिले आणि तेव्हापासून मध्य भारतात, गुजरातेत आणि विदर्भात जेथे जेथे या जातीचे थर सापडतात, तेथे तेथे ते याच नावाने ओळखले जातात. तळाशी हिरवट वालुकाश्म, त्यावर चुनखडक, मग गाठीगाठींचा रंगीबेरंगी थर आणि वर पुन्हा वालुकाश्म, असा येथला साधारण क्रम आहे. सरांनी बाटली काढली. चुनखडकाच्या सुट्या तुकड्यावर थेंब पडताच तो फसफसला, आणि कपडे धुणाऱ्या दोन मुलींनी काम टाकून आमच्याभोवती जागा घेतली.

हे थर सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या पर्वातले आहेत. एकेकाळी काही अभ्यासकांनी ते समुद्रकाठचे गाळ मानले होते. आता मात्र नद्या, उथळ तळी आणि त्यांच्या काठची माती यांचे ते अवशेष आहेत, असे प्रामुख्याने मानले जाते. चुनखडकातल्या गाठी आणि मुळांच्या खुणा सांगतात की हवामान निमओसाड होते. पाऊस ठरावीक ऋतूत पडे आणि मग माती तडकेपर्यंत ऊन असे. अशा भूमीवर अजस्र शाकाहारी डायनोसॉर हिंडत आणि मऊ जमिनीत अंडी घालत. जबलपूर, धार, गुजरातेतील बालासिनोर या सर्व ठिकाणी त्यांच्या अंड्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. कालच्या संगमरवरात आणि आजच्या या थरांत १०० कोटींहून कितीतरी अधिक वर्षांचे अंतर आहे. जबलपूर परिसरात हे थर कोठे अतिप्राचीन पायाखडकावर, तर कोठे गोंडवन काळातील जबलपूर थरांवर टेकलेले आढळतात. मधल्या काळाचा हिशेब येथे मिळत नाही, कारण जे साचले ते झिजून गेले किंवा मुळात साचलेच नाही.

आणि या सर्वांच्या वर आसपासच्या टेकड्यांवर काळा कातळ आहे. तो पाहिल्यावर मात्र समजावून सांगण्याची गरज उरली नाही, कारण रायगडापासून सीताबर्डीच्या टेकडीपर्यंत आपण ज्यावर उभे असतो तोच हा दख्खनचा काळा दगड. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहत आलेल्या लाव्ह्याने लमेटाची ती माती, तळी आणि अंडी झाकली गेली.

घाटावरच्या पिंपळाखाली एक मराठी जोडपे भेटले. सांगलीकडचे हे काका-काकू नर्मदा परिक्रमेला निघाले होते. कार्तिकात ओंकारेश्वराहून निघून, समुद्राकडून वळसा घालून, आता उत्तर तटाने अमरकंटकाकडे चालले होते. नदी उजव्या हाताला ठेवायची आणि ती ओलांडायची नाही, हा परिक्रमेचा दंडक. त्यामुळे धुआँधारही त्यांनी याच काठावरून पाहिला. रोपवेचा प्रश्नच नव्हता. काकूंनी सदाव्रतात मिळालेल्या पिठाचे टिक्कड थापले होते आणि आम्हाला आग्रह करून एकेक दिला. आम्ही आमच्याकडचा करेलीचा गूळ पुढे केला. सर कशासाठी दगड न्याहाळत आहेत हे कळल्यावर काकांनी विचारले, “म्हणजे सर, मैया आधी की हा दगड आधी?” सर म्हणाले, “दगड फार आधी.” काका थोडे विचारात पडले आणि म्हणाले, “मग तो तिचीच वाट बघत बसला असणार.” सरांकडे या विधानाचे खंडन करण्याचे साधन नव्हते. निघताना काकू पत्नीला म्हणाल्या, “पुढल्या खेपेला चालत या हो, ताई,” आणि आम्ही ‘नर्मदे हर’ म्हणून त्यांना निरोप दिला.

भेडाघाट-लमेटा घाट हा परिसर २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाला आहे. भेडाघाटला गर्दी आधीच आहे; लमेटा घाटावर मात्र हे थर काय आहेत ते सांगणारा एकही फलक आम्हाला दिसला नाही. जाणाऱ्यांनी थोडे वाचून जावे, पाणी आणि खाणे बरोबर न्यावे, आणि जीवाश्म शोधण्याच्या हेतूने खडक फोडू नयेत.

चौथा दिवस : मदनमहाल, आणि हाडांची गोष्ट

शहराच्या कडेची मदनमहालची टेकडी ग्रॅनाइटची आहे. महाकोशलच्या जुन्या खडकांत खोलवर घुसून थिजलेला हा शिलारस वरचे आवरण झिजल्यावर उघडा पडला आणि ऊनपावसाने त्याचे कोपरे गोलावत गेले. त्यातल्याच एका प्रचंड गोट्यावर गोंड राजा मदनशाह याच्या नावाने ओळखली जाणारी छोटी गढी बांधलेली आहे. जवळच एका खडकावर दुसरा खडक इतक्या लहानशा टेकूवर उभा आहे की ढकलला तर पडेल असे वाटते. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला ५.८ रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला आणि सुमारे ४० माणसे दगावली, तेव्हाही हा खडक हलला नाही. खाली चहा देणाऱ्या गृहस्थांना ती रात्र चांगली आठवत होती. पुढचे कित्येक दिवस मोहल्ल्यातील सगळे लोक रस्त्यावर खाटा टाकून झोपत होते, असे त्यांनी सांगितले. नर्मदा आणि शोण यांच्या खोऱ्यांतून जाणारी भूकवचातील प्राचीन कमकुवत रेषा अजून पूर्ण शांत झालेली नाही, याची ती खूण होती.

गढीवरून सारा गढा परिसर दिसतो. गोंडांच्या या राज्याची राणी दुर्गावती १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना पडली. पुढे १७८१ मध्ये हे राज्य सागरच्या मराठ्यांनी घेतले, अठराव्या शतकाच्या अखेरीस ते नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि डिसेंबर १८१७ मध्ये, सीताबर्डीच्या लढाईच्या पाठोपाठ, जबलपूर इंग्रजांच्या हाती गेले. येथल्या मराठी अंमलाची आठवण शहरात फारशी कोणी काढत नाही, आणि दोन पिढ्यांच्या त्या कारभाराने अभिमानाने सांगावे असे येथे काय उभारले, या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नव्हते.

त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १८२८ मध्ये, कॅप्टन विल्यम स्लीमन यांना जबलपूरच्या छावणीजवळ दगड झालेली मोठी हाडे मिळाली. हेच ते पुढे ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध झालेले स्लीमन. ‘डायनोसॉर’ हा शब्दसुद्धा तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो १८४२ मध्ये आला. हाडे कोलकात्याला गेली आणि १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी त्यांना ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. भारतात नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर. पुढे चार्ल्स मॅटली यांनी बडा सिमला टेकडीवर खोदकाम करून मांसभक्षक डायनोसॉरांचीही हाडे काढली. स्लीमन यांची मूळ हाडे मात्र संग्रहातच हरवली आणि अनेक दशके कोणालाही सापडली नाहीत. २०१२ मध्ये कोलकात्याच्या संग्रहातून ती पुन्हा शोधून काढणाऱ्या दोघांपैकी एक होते धनंजय मोहबे, ज्यांचे नाव नागपूरच्या भूशास्त्रज्ञांना परके नाही.

बडा सिमला टेकडी लष्करी आस्थापनांच्या परिसरात येते, त्यामुळे आम्ही ती रस्त्यावरूनच पाहिली: बुटकी, झुडपांनी भरलेली, माथ्यावर काळा कातळ. मग राणी दुर्गावती संग्रहालयात कलचुरी शिल्पे पाहिली आणि परतीला लागलो. तेवर आधी आणि संग्रहालय नंतर, हा आमचा क्रम योग्य ठरला. गावात उघड्यावर पाहिलेल्या भग्न तुकड्यांचे पूर्ण रूप येथे कळते.

लखनादौनच्या आसपास रस्त्याच्या कडेला पुन्हा काळा कातळ दिसू लागला. धाब्यावर जेवताना सरांनी पुढचा बेत मांडला: चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळचे पिसदुरा. तेथे लमेटाचेच थर आहेत. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून तेथली हाडे अभ्यासकांना माहीत आहेत, आणि २००५ मध्ये तेथल्या डायनोसॉरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण सापडल्यामुळे गवताचा ज्ञात इतिहास डायनोसॉरांच्या काळापर्यंत मागे गेला. तेथे कडा नाही, घाट नाही, नौकाही नाही. जीवाश्म मिळतात ते शेतांत. तेव्हा पिके निघाल्यावर, शेतकऱ्यांना विचारूनच जायचे, असे ठरले.